कुरव कुठे जातात

दरवर्षी नोव्हेंबरात एक फोटो छापून येतो. लाँचचा कठडा, हवेत उंचावलेला हात, चिमटीत शेव आणि तिच्यावर झेपावणारे पंधरा-वीस पांढरे पक्षी. जमलं तर मागे गेटवे. खालची ओळ ठरलेली असते : सायबेरियाहून परदेशी पाहुण्यांचं आगमन. गेल्या वर्षी हा फोटो एकाच दिवशी माझ्या चार व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरला. त्यातल्या शाळेच्या ग्रुपवर मी लिहिलं, की फोटोतले लाल चोचीचे, फिकट डोळ्यांचे पक्षी सायबेरियाचे नाहीत. त्यांची वीण तिबेटच्या पठारावर, मध्य आशियातल्या उंच सरोवरांवर आणि आपल्या लडाखमध्ये होते. म्हणजे यातला एखादा चक्क भारतात जन्मलेला असू शकतो. पाच मिनिटांनी उत्तर आलं, ‘आधार कार्ड आहे का त्याच्याकडे?’

विनोद चांगला होता, मीही हसलो. पण या पक्ष्याबद्दल माझ्या घरात गेली दोन वर्षं जे चाललंय, त्यामुळे मला तो विषय तिथेच सोडवेना.

मराठीत याला कुरव म्हणतात. पुस्तकातलं पूर्ण नाव तपकिरी डोक्याचा कुरव. बोलताना मात्र आपण सगळे सीगलच म्हणतो, आणि त्या एका शब्दात किनाऱ्यावरचे चार-पाच वेगवेगळे पक्षी कोंबतो. हा आकाराने कावळ्यापेक्षा जरासा मोठा, चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ४२ सेंटिमीटर. पंख पसरले की मात्र मीटरभराच्या वर जातात. पाठ राखाडी, पोट पांढरं, चोच आणि पाय लाल. उडताना पंखांची टोकं काळी दिसतात आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके, रात्रीच्या इमारतीत दोनच खिडक्यांत दिवे असावेत तसे. पक्षिनिरीक्षक त्या ठिपक्यांना आरसे म्हणतात. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचा डोळा फिकट, जवळजवळ पांढरा असतो. त्यामुळे तो सतत कुणावर तरी चिडलाय असं वाटतं. चोचीचं टोक गडद आणि शेपटीच्या शेवटी काळी पट्टी असेल, तर ते त्याच वर्षी जन्मलेलं पोर. आयुष्यातला पहिला समुद्र बघत असतं.

आता नावातली गंमत. तपकिरी डोक्याच्या कुरवाला आपल्याकडे बहुतेक काळ तपकिरी डोकंच नसतं. हिवाळ्यात ते पांढरं असतं आणि कानापाशी एक काळपट डाग, हेडफोन लावल्यासारखा. त्याच थव्यात अनेकदा त्याचा चुलतभाऊ असतो, काळ्या डोक्याचा कुरव. तो थोडा लहान, डोळा गडद, पंखाची पुढची कड पांढरी. हा खरंच दूर उत्तरेतून, रशियापर्यंत पसरलेल्या प्रदेशातून येतो. त्याचंही डोकं हिवाळ्यात पांढरं असतं. आणि उन्हाळ्यात ते काळं नसतं, तर गडद चॉकलेटी असतं. म्हणजे एकाला तपकिरी म्हणायचं, दुसऱ्याला काळा, आणि प्रत्यक्षात दोघं तपकिरी, तेही आपण बघत नसताना. कामात एखाद्याने व्हेरिएबलला अशी नावं दिली असती तर मी कोड रिव्ह्यूमध्ये परत पाठवला असता. १८४० साली या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं ते थॉमस जर्डन या मद्रासकडच्या लष्करी डॉक्टरने. त्या नावातही ‘तपकिरी डोकं’च आहे.

फेब्रुवारीच्या शेवटापासून बदल सुरू होतो. पांढऱ्या डोक्यावर आधी शाई शिंपडल्यासारखे ठिपके येतात. मग ते एकमेकांत मिसळतात. मार्च-एप्रिलपर्यंत बऱ्याच जणांना पूर्ण टोपी चढते : कॉफीत दूध जास्त झाल्यासारखा रंग आणि मानेपाशी त्याची गडद किनार. आणि असा नटूनथटून तयार झाला, की पक्षी निघून जातो. पाहुणा आपल्याकडे सहा महिने घरच्या कपड्यांत राहतो आणि निघायच्या दिवशी ठेवणीतले काढतो.

खाण्याच्या बाबतीत त्याला सोवळंओवळं नाही. मासे, कोळंबी, पाण्यावर तरंगणारं काहीही. मासेमारी बोटी बंदरात शिरताना त्यांच्या मागे जो पांढरा ढग येतो त्यात हे असतात; जाळ्यातून फेकलेली बारीक मासळी आणि कापलेल्या मासळीची आतडी हे त्याचं आयतं जेवण. भरती उतरली की चिखलात किडे आणि गांडुळांसारखे जीव शोधत चालतो. कचऱ्याच्या ढिगावरही दिसतो. किनाऱ्याची साफसफाई करणारा पक्षी असं पुस्तकात लिहितात, आणि ते खरंच आहे, पण त्या वाक्यात त्याचं उडणं येत नाही. वाऱ्यावर एकाच जागी टांगून राहायचं, मान खाली वळवायची, आणि पाण्याला जेमतेम स्पर्श करून चोचीत काहीतरी घेऊन वर. लाँचवरून फेकलेली शेव तो हवेतच झेलतो, ती याच सरावामुळे.

शेवेचा प्रश्न आमच्या घरी आला तो बाबांमुळे.

आमचं गाव रेवस धक्क्यापासून जवळ आहे. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर दीड वर्षात आई गेली. मी मुंबईत, आठवडाभर लॅपटॉपसमोर, शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून घरी. बाबा मुळात कमी बोलणारे. आई गेल्यावर तेही थांबलं. शेजारच्या काकू डबा द्यायच्या, तो तसाच परत जायचा. त्या हिवाळ्यात कधीतरी ते संध्याकाळी धक्क्यावर जायला लागले. टपरीवरून दहा रुपयांची शेवेची पुडी घ्यायची, धक्क्याच्या टोकाला बसायचं आणि कुरवांना एकेक चिमूट टाकायची. मला हे काकूंकडून कळलं. ‘आता जेवतात रे,’ काकू म्हणाल्या. ‘पक्ष्यांना घालून येतात आणि मग स्वतः बसतात.’

मग मी वाचायला लागलो. (माझ्या पिढीचा हा रोगच आहे. घरात काही घडलं की आधी सर्च करायचं.) पक्षिमित्र दर हिवाळ्यात कळवळून सांगतात, की कुरवांना शेव, गाठी, वेफर्स टाकू नका. मुंबईतच नाही, प्रयागराजच्या संगमावर, दिल्लीत यमुनेच्या घाटांवर हेच चालतं, नावाडी पुड्या विकतात आणि लोक पुण्य आणि रील दोन्ही एकदम मिळवतात. कारणं दिली जातात त्यातलं मिठाचं कारण मला फारसं पटलं नाही. समुद्रपक्ष्यांच्या डोळ्यांच्या वर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. कुरव खारं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ नाकपुड्यांतून थेंबाथेंबाने गाळून टाकतो. शेवेतल्या मिठाने तो लगेच मरणार नाही.

पण बाकीची कारणं भक्कम आहेत. तळलेल्या बेसनाने पोट भरतं, पण पंख बनत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याला डोक्यावरची पिसं नव्याने घालायची असतात आणि हिमालयापलीकडे जायला पुरेल एवढी चरबी साठवायची असते. त्याला मासळी लागते. दुसरं, एरवी मैलभर पसरून खाणारे पक्षी एका पुडीभोवती एकमेकांच्या तोंडात तोंड घालून गर्दी करतात, आणि रोगांना नेमकं तेच हवं असतं. २००५च्या मे महिन्यात चीनमधल्या छिंगहाय सरोवरावर बर्ड फ्लूने हजारो पक्षी मेले. मेलेल्यांत पट्टकदंब हंस सर्वांत जास्त, पण तपकिरी डोक्याचे कुरवही होते. ते आपापल्या विणीच्या जागी जमले होते, शेव खायला नव्हे, हे खरं. तरी दाटीत रोग कसा धावतो हे त्यावरून दिसलं.

हे सगळं माझ्याकडे नीट टॅबमध्ये उघडून ठेवलेलं होतं, आणि समोर बाबा होते, जे दोन घास जेवायला लागले होते. मी काही बोललो नाही. त्या वेळी तेच योग्य होतं आणि आजही मला तसंच वाटतं.

मे महिन्यात धक्का रिकामा झाला. जूनच्या पहिल्या तारखेपासून ट्रॉलर बंद, दोन महिने. पक्षी नाहीत, मासळी नाही, वर पाऊस. बाबा संध्याकाळी ओटीवर बसून राहायचे. एकदा फोनवर त्यांनी आपणहून विचारलं, ‘हे जातात कुठे रे?’ मला उत्तर माहीत होतं. लडाख, तिबेट, असं मी सांगितलं. ‘लडाखला समुद्र कुठंय?’ ते म्हणाले. तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला नकाशा दाखवून पटत नाही, रस्ता सांगावा लागतो.

पुढच्या जूनमध्ये मित्रांबरोबर लडाखला जायचं ठरलं, तेव्हा मी हट्टाने त्सो मोरिरी यादीत घातलं. बाकीच्यांना पँगाँगला त्या सिनेमाच्या जागी फोटो काढायचे होते. लेहहून सिंधूच्या काठाकाठाने निघायचं, चुमाथांगला गरम पाण्याचे झरे लागतात, माहेच्या पुलावरून नदी ओलांडायची आणि मग चढत जायचं. त्सो मोरिरी सुमारे ४५०० मीटरवर आहे. काठावर कोरझोक नावाचं गाव, एक गोम्पा, आसपास चांगपा पशुपालकांचे कळप. माझं डोकं ठणकत होतं. गाडीतून उतरून दहा पावलं चाललो तर जिना चढल्यासारखा दम लागला.

आणि आवाज आला. तोच, भाऊच्या धक्क्यावरचा, कर्कश, भांडणारा. वर बघितलं तर दोन कुरव, पूर्ण तपकिरी टोपी घातलेले. मागे बर्फाचे डोंगर. मला पहिल्यांदा वाटलं ते आनंद नव्हतं, अनोळखीपणा होता. गल्लीतला रोजचा भाजीवाला त्याच्या गावी, त्याच्या वाड्यात, जावयाच्या मानाने बसलेला दिसावा तसं.

एप्रिलच्या अखेरीला, मे महिन्यात सरोवरांवरचा बर्फ फुटायला लागला की हे पक्षी तिथे पोचतात. वसाहत करून राहतात. जागा निवडतात ती सरोवरातली बुटकी बेटं किंवा दलदलीतले उंचवटे, जिथे कोल्ह्याला पाण्यातून यावं लागेल. घरटं म्हणजे गवत-पाणवनस्पतींचा ओबडधोबड ढीग, मध्ये खळगा. अंडी बहुतेक वेळा तीनपर्यंत, मातकट रंगाची आणि त्यावर तपकिरी डाग, दगडगोट्यांत हरवून जावीत अशी. नर-मादी पाळीपाळीने उबवतात, साडेतीन आठवड्यांच्या आसपास. पिल्लं अंगावर ठिपक्यांची लव घेऊनच बाहेर येतात, डोळे उघडे, थोड्या दिवसांत घरट्याभोवती हिंडायला लागतात. पण खाणं मात्र आईबापांनी पोटातून काढून दिलेलंच लागतं. तिथे खाणं म्हणजे दलदलीतले किडे, अळ्या, पाण्यातले बारीक जीव. आपल्याकडे बोटीमागे भीक मागतो असं वाटणारा हाच पक्षी तिथे वसाहतीजवळ कुणी आलं तर थेट डोक्यावर झेप घेतो. ओरडतो, आणि नेम धरून विष्ठा टाकतो. आम्ही वसाहतीजवळ गेलो नाही, जाऊही नये. दूरच्या काठावरून दुर्बिणीतून पांढरे ठिपके उठता-बसताना बघितले. त्यांच्यात पट्टकदंबही होते. जगातल्या सगळ्यात उंचावरून उडणाऱ्या पक्ष्यांत हंसांचं नाव निघतं, ते बरोबरच. पण हा चार महिने फरसाण खाल्लेला पक्षीही तिथेच पोचतो आणि त्याचं कौतुक कुणी करत नाही.

होमस्टेच्या मालकाला मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, की हे पक्षी थंडीत आमच्या गावी असतात. त्याने विचारलं, ‘वहाँ क्या खाते हैं?’ मी शेव म्हटलं आणि ती काय असते हे समजावलं. तो हसला नाही. म्हणाला, इथे लोकांनी टाकलेलं कुत्री खातात. मग त्याने बोट दाखवलं, रस्त्याकडेला सात-आठ मोठी, केसाळ, मोकाट कुत्री. लडाखमध्ये हा आता गंभीर प्रश्न आहे. छावण्या, हॉटेलं, पर्यटकांचं उरलेलं अन्न यांवर कुत्र्यांची संख्या वाढली. आणि उन्हाळ्यात ती जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातात. काळ्या मानेचा क्रौंच, जो भारतात वीण करतो तो जवळजवळ फक्त याच भागात, त्याचं नुकसान तर नोंदवलेलं आहे. पाणी उतरून बेट काठाला जोडलं गेलं, की कुरवाची वसाहतही कुत्र्यांच्या टप्प्यात येते.

म्हणजे या पक्ष्याला आपण दोन्ही टोकांना गाठतो. हिवाळ्यात प्रेमाने टाकलेलं अन्न, उन्हाळ्यात बेफिकिरीने टाकलेलं. मला दुसऱ्याचा जास्त राग येतो. रेवसच्या धक्क्यावर दहा रुपयांची पुडी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या माणसापेक्षा, कोरझोकला नूडल्सचा अर्धा कप गाडीतून फेकणारे आमच्या वयाचे आम्ही जास्त महाग पडतो. पण हे म्हटल्याने पुडीचा प्रश्न सुटत नाही, हेही आहेच.

परत आल्यावर बाबांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी फोन हातात घेऊन लांब धरला, चष्मा वर केला. ‘डोकं रंगवलंय की,’ म्हणाले. मग रस्त्याचे प्रश्न : लेहपासून किती किलोमीटर, घाट कसा, एसटी जाते का. मी सव्वादोनशेच्या आसपास म्हटलं. मग बराच वेळ गप्प. ‘पोरं किती होतात?’

‘दोन-तीन.’

‘आणि सगळी एवढ्या लांब येतात?’

‘जगली ती येतात.’

नोव्हेंबरात, तो फोटो ग्रुपवर फिरत होता त्याच आठवड्यात, मी त्यांच्याबरोबर धक्क्यावर गेलो. त्यांनी सवयीने पुडी घेतली. तेव्हा मी पहिल्यांदा बोललो. मीठ वगैरे काही नाही, एवढंच, की मार्चमध्ये यांना हिमालय ओलांडायचा असतो आणि शेवेवर ते जमत नाही. बाबांनी पुडी उघडली नव्हती.

‘मग काय घालू? सुकट?’

‘काहीच नको. त्यांना मिळतं त्यांचं.’

‘काहीच न घालता नुसतं बसायचं?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि लेख-शोधनिबंधांच्या टॅबमध्येही नव्हतं. पक्ष्यांना खाऊ घालू नका हे वाक्य अगदी बरोबर आहे. पण घालणाऱ्याच्या हाताला मग काय काम द्यायचं हे त्यात येत नाही. माझी दुर्बीण पिशवीत होती. ती मी त्यांना दिली. ड्रायव्हरची नजर, त्यांना फोकस पटकन जमला. चिखलात पंचवीसेक कुरव होते. मी त्यांना पांढरा डोळा दाखवला, पंखातले आरसे दाखवले, शेपटीची काळी पट्टी दाखवली. ‘हे यंदाचं?’ त्यांनी विचारलं. हो म्हटलं. ते त्या एकाच पोराकडे बघत राहिले. बराच वेळ. पोर चिखलात चोच घालायचं, काही मिळायचं नाही, पुढे जायचं. शेवटी त्याला काहीतरी वळवळणारं मिळालं आणि ते घेऊन ते पळालं, मागे दोन मोठे. बाबा मोठ्याने हसले. असं हसलेले मी त्यांना आई गेल्यापासून ऐकले नव्हते.

पुडी बंद झाली असं मी सांगणार नाही. काकू म्हणतात, दुर्बीण नेतात, पण अधूनमधून खिशात शेव असतेच. कधीकधी निम्मी तेच खातात. मी विचारत नाही. मार्चमध्ये त्यांनी मला फोन करून सांगितलं, की तिघांच्या डोक्यावर डाग यायला लागलेत, आणि एप्रिलमध्ये सांगितलं, की आज एकच दिसला, त्याची टोपी अर्धी आहे, हा मागे राहणार बहुतेक.

जुलैच्या शेवटी पाऊस जोरात होता. रात्री फोन आला.

‘आता उडायला लागली असतील ना पोरं तिकडची?’

मी मनात हिशोब केला. जूनमध्ये अंडी, साडेतीन आठवडे, मग पाचेक आठवडे. ‘अजून आठवडाभर लागेल.’

‘कुत्री जात नाहीत ना त्या बेटावर?’

‘मध्ये पाणी आहे, बाबा.’

‘बरं,’ ते म्हणाले, आणि सुक्या बोंबलांचा भाव यंदा कुठे गेलाय ते सांगायला लागले.